कुठलं शेवाळ, कुठल्या सुकतीचं?

कॉलर्पा नावाचं हिरवं शेवाळ रत्नागिरी-मालवणच्या कातळांवर हिवाळ्यात सहज सापडतं. खडकाला धरून आडवी सरपटत गेलेली दोरी, तिच्या खालच्या अंगाला मुळांसारखे धागे आणि वरच्या अंगाला पाती. एका जातीला टपोऱ्या मण्यांचे घोस, दुसरीचं पातं दोन्ही कडांनी कातरलेलं. पाहणाऱ्याला हे साधंसुधं झाड वाटतं. प्रत्यक्षात ते सगळं मिळून एकच पेशी असते. वीतभर, हातभर, कधी त्याहून लांब, आणि मधे एकही आडभिंत नाही. आत असंख्य केंद्रकं आणि हरितद्रव्याचे कण एकाच द्रवात वाहत असतात.

अशा जिवाला नख लागलं तर काय व्हावं? एरवी झाडाचं पान फाटलं तर कडेच्या पेशी मरतात, बाकीचं पान जगतं. इथे ‘बाकीचं’ असं काही नाहीच. एका छिद्रातून सगळा जीव वाहून जायला हवा, पण तसं होत नाही. जखमेपाशी बघता बघता चिकट गोळा धरतो आणि भोक बुजतं. कॉलर्पात कॉलर्पेनाइन नावाचं द्रव्य मुबलक साठवलेलं असतं. जखम झाली की एक विकर (एन्झाइम) त्या रेणूवरचे अ‍ॅसिटेट गट काढून टाकतं आणि मागे अत्यंत क्रियाशील अल्डिहाइड उरतं. ते आजूबाजूच्या प्रथिनांना धरून एकमेकांशी बांधून टाकतं. गळती थांबते ती या बांधलेल्या प्रथिनांच्या बुचामुळे. २००५ साली युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी याचे तपशील प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून हे उदाहरण मी वर्गात सांगत आले आहे.

वर्गात ते सांगून झालं की मी मुलांना पुढचा प्रश्न टाकते. समजा तुम्ही हे शेवाळ खडकावरून खरवडलंत, पिशवीत दाबून भरलंत, चार तास एसटीतून आणलंत, वाळवलंत आणि मिक्सरमधून काढून अर्क उतरवायला मिथेनॉलमध्ये भिजत घातलंत. आता बाटलीत काय आहे? कॉलर्पात जे होतं ते, की कॉलर्पाला तुम्ही जे केलंत त्याला त्याने दिलेलं उत्तर?

समुद्री शेवाळांतल्या जैवसक्रिय संयुगांविषयी मला जे काही कळकळीने वाटतं ते या प्रश्नात आहे. ही संयुगं आपल्यासाठी भरून ठेवलेली औषधं नाहीत. ऊन, गोगलगाय, जिवाणू, जखम, कोरडं पडणं या त्या जिवाच्या अडचणी आणि ही संयुगं म्हणजे त्या अडचणींवरचे त्याचे इलाज. अडचण बदलली की इलाज बदलतो. म्हणून ‘अमुक शेवाळात अमुक द्रव्य असतं’ हे वाक्य मला नेहमी अर्धवट वाटतं. कुठल्या खडकावरच्या, कुठल्या महिन्यातल्या, भरती-ओहोटीच्या कुठल्या रेषेवरच्या शेवाळात?

आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला सुकतीही मोठी होते आणि एरवी पाण्याखाली असणारा कातळ दोन-अडीच तास उघडा पडतो. त्या वेळी कालवं काढायला बायका येतात, आणि त्यांच्या मागोमाग माझ्यासारखी माणसं पिशव्या घेऊन. एकदा मी कातळाच्या वरच्या कडेचं सरगॅसम हे तपकिरी शेवाळ कापत होते, तर कालवं फोडणारी एक आजी म्हणाली, “बाई, ह्यां उन्हान करपलां. पाण्यातलां घेवा.” तिला भाजीसारखं ताजं-शिळं दिसत होतं. मला मुद्दाम दोन्ही हवं होतं, करपलेलंही आणि पाण्यातलंही, वेगवेगळ्या पिशवीत. कारण उन्हात तीन तास उघडं पडणारं सरगॅसम आणि हातभर खाली, कायम ओलं राहणारं सरगॅसम हे नावाने एक असलं तरी त्यांचे दिवस वेगळे जातात.

ते घरी आणल्यावर काय दिसतं तेही सांगते, कारण हे काम किती चिकट आणि किती देखणं असतं ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. आधी गोड्या पाण्याने झटपट धुवायचं, मग एकेक फांदी वेगळी करून तिच्यावर बसलेले बारीक जीव चिमट्याने उचलायचे. शेवाळावर दुसरं शेवाळ वाढलेलं असतं, त्यावर कवचाचे पांढरे ठिपके, हवेच्या फुग्यांच्या बेचक्यात नखाएवढ्या गोगलगायी. सावलीत वाळवून, दळून, अर्क काढून तो आटवला की तळाशी काळसर हिरवा डांबरासारखा लगदा उरतो, त्याला खारट-तुरट वास येतो. त्याचा थेंब टीएलसी प्लेटवर, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं वेगळी करणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर, लावून चालवला आणि अंधारात अतिनील दिव्याखाली धरला की हरितद्रव्याचा पट्टा रक्तासारखा लाल चमकतो. नवीन मुलं हमखास दचकतात. त्या लाल पट्ट्याच्या वर-खाली जे फिकट, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे ठिपके असतात, शोध त्यांचा असतो.

मग तो अर्क कागदाच्या चकतीवर घेऊन जिवाणू पसरलेल्या पेट्री डिशमध्ये ठेवतात. चकतीभोवती जिवाणू वाढले नाहीत तर स्वच्छ वर्तुळ दिसतं, ते मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि निबंध लिहायचा. त्या डिशमधला जेलीसारखा अगार हाही लाल शेवाळातूनच निघतो. जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत १८८१-८२ च्या सुमारास तो आला, त्यांचे सहकारी वाल्टर हेसे यांची पत्नी फॅनी हेसे हिच्या स्वयंपाकघरातल्या अनुभवामुळे. तेव्हापासून जगातलं बहुतेक जिवाणूशास्त्र शेवाळाच्या थरावर उभं आहे, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पण त्या वर्तुळाच्या निबंधांविषयी माझं मत चांगलं नाही. आपल्या देशात असे प्रबंध भरमसाट निघतात. शेवाळाचं लॅटिन नाव असतं, गावाचं नाव असतं, वर्तुळांचा तक्ता असतो. महिना कधी असतो, कधी नसतो. सुकती कुठली, कातळाची कुठली पातळी, वर काय वाढलेलं होतं, गोळा केल्यापासून मिथेनॉलमध्ये पडेपर्यंत किती तास गेले, यातलं बहुधा काहीच नसतं. मग दुसऱ्या कुणाला त्याच जातीत ते वर्तुळ मिळालं नाही की दोघांपैकी एक चूक ठरतो. माझ्या मते पुष्कळदा दोघंही बरोबर असतात. त्यांनी दोन वेगळ्या प्रसंगांतलं शेवाळ आणलेलं असतं.

हे नुसतं माझं वाटणं नाही. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर अ‍ॅस्कोफायलम नावाचं तपकिरी शेवाळ असतं. त्यात फ्लोरोटॅनिन नावाची तुरट द्रव्यं असतात. आपल्या हिरड्यातल्या किंवा चहातल्या टॅनिनांच्या लांबच्या नात्यातली, पण फक्त तपकिरी शेवाळंच बनवतात अशी. तिथल्या संशोधकांनी या शेवाळावर एक विशिष्ट चपटी गोगलगाय सोडली. काही आठवड्यांनी शेवाळातली फ्लोरोटॅनिनं वाढली आणि गोगलगायींना ते नकोसं झालं. मग त्यांनी दुसरा एक कुरतडणारा जीव सोडून पाहिला, स्वतः कात्रीनेही कापून पाहिलं. तेव्हा मात्र शेवाळाने तसं काही केलं नाही. म्हणजे नुसतं कापलं जाणं आणि त्या गोगलगायीने खाणं यातला फरक त्याला कळत होता. २००० साली त्याच गटाने आणखी पुढचं दाखवलं. शेजारच्या शेवाळाला गोगलगायी खात असतील तर पाण्यातून काहीतरी खूण येते आणि अजून धक्काही न लागलेलं शेवाळ आपली तुरट द्रव्यं आधीच वाढवून ठेवतं.

आता सांगा, अ‍ॅस्कोफायलममध्ये फ्लोरोटॅनिन किती टक्के? पाणी जिकडून वाहत येतं त्या बाजूला गोगलगायी आहेत की नाहीत हे माहीत असल्याशिवाय याचं उत्तर नाही.

आयोडीनची गोष्ट सगळ्यांना अर्धी माहीत असते. १८११ साली पॅरिसमध्ये बर्नार कुर्त्वा हा सोरा बनवणारा कारखानदार शेवाळाच्या राखेतून क्षार काढत होता. युद्धाचे दिवस होते, बंदुकीच्या दारूला सोरा हवा होता. एकदा राखेत सल्फ्युरिक आम्ल जास्त पडलं आणि जांभळी वाफ उठली, थंड भांड्यावर तिचे काळे चमकदार स्फटिक जमले. दहाएक वर्षांत जिनिव्हाचे डॉक्टर क्वांदे गलगंडावर ते देऊ लागले. आपल्याकडे १९५६ पासून कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामींनी मिठात आयोडीन घालून गलगंड कमी होतो हे दाखवलं आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. किराणा दुकानातल्या मिठाच्या पुडीमागे हा सगळा इतिहास आहे.

पण शेवाळ एवढं आयोडीन का साठवतं, हा प्रश्न मात्र जवळपास दोनशे वर्षं पडूनच राहिला. थंड समुद्रातलं लॅमिनेरिया हे शेवाळ समुद्राच्या पाण्यातल्या प्रमाणाच्या हजारो पटींनी आयोडीन स्वतःत ओढतं. आपल्या कोमट पाण्यात ते वाढत नाही, ब्रिटनी आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर वाढतं. २००८ साली फ्रिट्यॉफ क्युपर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते आयोडाइडच्या रूपात, पातीच्या बाहेरच्या थरांत पेशींच्या भोवती साठवलेलं असतं. ओहोटीला पातं उघडं पडलं, ऊन आणि हवेतला ओझोन यांचा मारा सुरू झाला की आयोडाइड बाहेर सोडलं जातं आणि ते पृष्ठभागावरच हानिकारक ऑक्सिडंट संपवून टाकतं. जीवसृष्टीत माहीत असलेलं हे पहिलं निरिंद्रिय अँटिऑक्सिडंट. या झटापटीत काही आयोडीन हवेत जातं, तिथे त्याचे सूक्ष्म कण होतात आणि त्या कणांवर ढगांचे थेंब धरू शकतात. आयर्लंडच्या मेस हेड केंद्रावर ओहोटीच्या वेळी हवेत असे कण एकदम वाढताना मोजले गेले आहेत. समुद्राची सुकती आणि आकाशातला ढग यांच्यामधे एक शेवाळ आहे, हे वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही काम सुचलं नाही.

सिडनीच्या दक्षिणेला बॉटनी बे आहे, तिच्या मुखाशी बेअर आयलंड नावाचं छोटं बेट. तिथल्या पाण्यात डेलिसिया पुल्क्रा नावाचं लाल शेवाळ असतं. समुद्रात कुठलीही वस्तू ठेवा, होडीचा तळ असो की दगड, काही तासांत तिच्यावर जिवाणूंचा थर बसतो आणि मग त्यावर इतर जीव. डेलिसियाची पाती मात्र स्वच्छ दिसत. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले पीटर स्टाइनबर्ग आणि स्टाफन शेलबर्ग यांनी याचा पाठपुरावा केला. या शेवाळात ब्रोमीन जोडलेली फ्युरॅनोन संयुगं आहेत, हे सत्तरच्या दशकातच कळलं होतं. ती जिवाणू मारत असतील असं कुणालाही वाटेल. पण शेवाळाच्या पृष्ठभागावर ज्या प्रमाणात ती असतात तेवढ्याने जिवाणू मरत नव्हते. फक्त थर धरत नव्हते.

जिवाणू एकेकटे असताना वेगळे वागतात आणि गर्दी झाली की वेगळे. गर्दी झाली हे कळायला ते एक छोटा रेणू सोडत राहतात. त्याचं प्रमाण ठरावीक पातळीच्या वर गेलं की सगळे मिळून थर बांधतात, विष बनवतात. डेलिसियाची फ्युरॅनोनं दिसायला त्या निरोपाच्या रेणूसारखीच असतात. निरोप घेणाऱ्या प्रथिनाला ती गाठतात आणि खरा निरोप पोचत नाही. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा प्रतिजैविकांच्या विचारालाच नवी दिशा मिळाली. जिवाणू मारला तर न मरणारे उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. जिवाणूंचा नुसता संवाद तोडला तर तो दबाव कमी असावा, अशी आशा होती. फ्युरॅनोनांचं माणसासाठी औषध अजून झालेलं नाही, बरीचशी विषारी निघाली. पण संशोधनाचं एक अख्खं क्षेत्र त्या शेवाळामुळे उभं राहिलं.

डेलिसियाची गोष्ट इथे संपवली असती तर मला आवडलं असतं. पण उन्हाळ्यात बेअर आयलंडजवळची काही पाती पांढरी पडताना दिसू लागली. पाणी तापलं की शेवाळातली फ्युरॅनोनं कमी होतात, आणि नॉटेला या गटातला एक जिवाणू, जो एरवी त्याच्यावर शिरजोर होऊ शकत नाही, तो रोग घडवतो. २०११ च्या शोधनिबंधांत हे दोन्ही आलं आहे. समुद्राचं तापमान वाढलं म्हणजे काय होतं याची पोवळ्यांची उदाहरणं आपण ऐकतो. इथे जात तीच आहे, खडकही तोच आहे, फक्त तिच्या हातातलं रसायन गेलं आहे.

आणि काही वेळा तर ते रसायन त्या शेवाळाचं नसतंच. हवाईत एलिसिया रुफेसेन्स नावाची समुद्री गोगलगाय ब्रायॉप्सिस हे हिरवं शेवाळ खाते. १९९३ मध्ये तिच्यातून कहालालाइड एफ हे संयुग सापडलं. कर्करोगाच्या पेशींवर ते प्रभावी दिसलं आणि रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं, पुढे मात्र गेलं नाही. ते गोगलगायीचं नाही, तिने खाल्लेल्या शेवाळाचं आहे, असं मानलं जात होतं. २०१९ मध्ये कळलं की ते शेवाळाचंही नाही. ब्रायॉप्सिसच्या आत राहणारा एक जिवाणू ते बनवतो. त्याने स्वतंत्र जगण्याची बरीच जनुकं गमावली आहेत, पण ही संयुगं बनवणारी जनुकं मात्र भरभक्कम ठेवली आहेत. शेवाळ त्याला घर देतं, तो शेवाळाला संरक्षण देतो, आणि गोगलगाय ते संरक्षण खाऊन स्वतःचं करते. असं असताना प्रयोगशाळेत शेवाळ ‘स्वच्छ’ करून वाढवलं तर काय हाती लागेल?

जपानमध्ये डायजीनिया हे लाल शेवाळ लहान मुलांना जंतांवर देत असत. १९५३ मध्ये त्यातून कायनिक आम्ल वेगळं केलं गेलं. तोकुनोशिमा बेटावर दोमोई नावाचं दुसरं लाल शेवाळ याच कामाला वापरत, त्यातून १९५८ मध्ये डोमोइक आम्ल मिळालं. दोन्ही रेणू मेंदूतल्या ग्लुटामेट या चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या रेणूसारखे. जंताला जे झटका देतं तेच प्रमाण वाढलं की माणसाच्या चेतापेशींना. १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवरच्या शिंपल्या खाऊन शंभरावर माणसं आजारी पडली, काही दगावली, काहींची स्मृती कायमची गेली. शोध घेतल्यावर डोमोइक आम्लच निघालं. या वेळी ते शेवाळातून नव्हे, डायटम नावाच्या एका सूक्ष्म, एकपेशी तरंगत्या जिवातून शिंपल्यांत आलं होतं. आज कायनिक आम्ल अपस्माराच्या संशोधनात उंदरांवर वापरतात. औषध, विष आणि संशोधनाचं साधन, तिन्ही एकाच रेणूत.

म्हणून बाजारात ‘समुद्री शेवाळाचं सुपरफूड’ म्हणून येणाऱ्या गोळ्यांविषयी मला काळजी वाटते. फ्युकॉयडन घ्या. तपकिरी शेवाळांच्या पेशीभित्तिकेतली ही गंधकयुक्त शर्करा-साखळी १९१३ मध्ये स्वीडनच्या क्युलिन यांनी प्रथम काढली. प्रयोगशाळेत ती रक्त गोठण्यावर, दाहावर, विषाणूंवर परिणाम करते. पण फ्युकॉयडन हा एक ठरावीक रेणू नाही. जात, ऋतू आणि काढण्याची पद्धत यांप्रमाणे तिची लांबी, फांद्या आणि गंधकाचं प्रमाण बदलतं. बाटलीवर ‘फ्युकॉयडन ५०० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं तेव्हा त्यातून फारसं काही कळत नाही. केल्पच्या, म्हणजे लॅमिनेरियासारख्या मोठ्या तपकिरी शेवाळांच्या, गोळ्यांनी आयोडीन अति होऊन थायरॉइड बिघडू शकतं. हिजिकी या शेवाळात निरिंद्रिय आर्सेनिक एवढं असतं की ब्रिटनच्या अन्न खात्याने ते खाऊ नका असंच सांगितलं आहे. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या कुणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे काही घेऊ नये.

सध्या सगळ्यात जास्त बोलबाला अ‍ॅस्पॅरागॉप्सिस या लाल शेवाळाचा आहे. हवाईत याला लिमू कोहू म्हणतात, रात्रभर गोड्या पाण्यात भिजवून मगच मसाल्यासारखं थोडं खातात. त्यात ब्रोमोफॉर्म असतं. गुरांच्या पोटात मिथेन हा हवामान तापवणारा वायू बनवणारे सूक्ष्मजीव ज्या शेवटच्या विकरावर अवलंबून असतात त्याला ब्रोमोफॉर्म अडवतं. कॅलिफोर्नियात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४७ दिवसांच्या प्रयोगात खच्ची केलेल्या गोऱ्ह्यांचं मिथेन ८० टक्क्यांहून जास्त घटलं. २०१९ च्या पशुगणनेनुसार आपल्याकडे गाई-म्हशी मिळून ३० कोटींच्या आसपास आहेत, म्हणून हे आपल्याला महत्त्वाचं. पण ब्रोमोफॉर्म उडून जाणारं द्रव्य आहे. शेवाळ उन्हात वाळवलं तर त्यातलं बरंचसं हवेत जातं, गोठवून वाळवावं लागतं. ते ओझोनच्या थराला बाधक आहे, आणि दुधात किती उतरतं हे पाहत राहावं लागणार आहे. शेवाळाला मात्र ते जिवाणूंपासून वाचायला हवं असतं. जवळच्या अ‍ॅस्पॅरागॉप्सिस आर्माटा या जातीला ब्रोमीन नसलेल्या पाण्यात वाढवलं तर तिला ही संयुगं बनवता येत नाहीत आणि तिच्यावर जिवाणूंची गर्दी जास्त होते, हे २००६ मध्येच दाखवलेलं आहे. शेती करायची तर शेवाळाची करायची की ब्रोमोफॉर्मची, हे आधी ठरवावं लागेल. टनांवर भाव मिळाला तर टन वाढतील, रसायन वाढेलच असं नाही.

आमच्या मुलांच्या पिशव्यांवर आता चिठ्ठी असते. जातीचं नाव सगळ्यात शेवटी लिहायचं, कारण ते नंतरही ओळखता येतं. आधी तारीख आणि तिथी, सुकतीची वेळ, कातळाची पातळी, पाण्यातलं की उघडं, किती वेळ उघडं, पाण्याचं तापमान, वर काय बसलं होतं, काय खात होतं, आणि मिथेनॉलमध्ये कधी पडलं. एक भाग जागेवरच, बर्फाच्या पेटीत बाटली नेऊन बुडवायचा. दुसरा भाग वाळवायचा. दोन्ही चालवून पाहायचे आणि दोन्ही प्लेटचे फोटो शेजारी शेजारी चिकटवायचे.

पावसाळ्यात लाटा आणि गढूळ पाणी यांनी कातळ बराचसा धुऊन निघतो. दसरा-दिवाळीनंतर पुन्हा अंकुर दिसू लागतात, पौष-माघापर्यंत सरगॅसम कमरेएवढं होतं. आमच्याकडे काही घरांत किनाऱ्याला लागलेलं माडाच्या आळ्यात घालतात. ते जरूर घ्यावं, तुटून आलेलं असतं. कातळावरचं कापायचं असेल तर मात्र खडकाला चिकटलेला बुडखा ठेवून चार बोटं वर कात्री लावावी. ओढून उपटू नये. सरगॅसम पुढच्या वर्षी त्याच बुडख्यातून फुटतं.